उडत्या खारीचं पिल्लू सापडलंय, पाळता येईल का?

प्रश्न संगमेश्वर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. घरामागच्या मालकी रानात ठेकेदाराची तोड चालू आहे. काल दुपारी एक जुनाट बेहडा आडवा केला, तेव्हा त्याच्या ढोलीतून उडत्या खारीचं पिल्लू बाहेर पडलं. आई कुठे दिसली नाही. मुलांनी पिल्लू घरी आणलं, बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं आणि गाईचं दूध बोळ्याने पाजलं. रात्रीपासून त्याला पातळ होतंय. नेटवर शोधलं तर तिकडे अमेरिकेत उडत्या खारी लोक हौसेने पाळतात, पिंजऱ्याची मापंसुद्धा दिलेली आहेत. म्हणून ताई विचारतात, पिंजरा केवढा करू, खायला काय देऊ, माणसाळेल का, आणि यात कायद्याची काही भानगड तर नाही ना?

ताई, पुढचं सगळं सावकाश वाचा, पण त्याआधी उठून दोन-तीन गोष्टी करून या. दूध बंद करा. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, बाटली जाड फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच कडेला ठेवा, म्हणजे नको झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. कापूस काढून टाका. त्याचे तंतू नखांत गुंततात आणि बोटाला फास बसतो. त्याऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा घाला. मग १९२६ वर फोन लावा. ही वनविभागाची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते. झालं? आता बोलू.

मी गुरांचा डॉक्टर. वीसेक वर्षं कोकणात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री तपासतो. पण इथे रान परसदारीच असल्यामुळे विहिरीत पडलेलं कोल्ह्याचं पोर, तारेत अडकलेलं घुबड, असं काहीबाही दारात येतच असतं. उडत्या खारीची पिल्लं मी मोजकीच हाताळली आहेत, पण त्यातली पहिली माझ्याच चुकीने गेली. म्हणून या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर द्यायला मन धजत नाही.

तुम्ही विचारलंय "पाळू कशी?" माझ्या मते तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. आईपासून तुटून एकच रात्र झालेलं पिल्लू तुमच्याकडे आहे, आणि आई बहुधा अजून त्याच रानात आहे. येत्या एक-दोन रात्रींत त्यांची गाठ कशी घालायची, एवढंच खरं तर पाहायचं आहे. पिंजऱ्याचा विचार त्यानंतरचा, आणि तोही तुमच्या हातातला नाही.

नेटवरच्या माहितीने घोटाळा का होतो, ते आधी सांगतो. "फ्लाइंग स्क्विरल" या एका नावाखाली तीन अगदी वेगळे प्राणी येतात. अमेरिकेत पाळतात ती खार उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. वजन ५० ते ८० ग्रॅम, शेपटीसकट वीतभर लांब, खाणं ओकची फळं आणि कठीण कवचाच्या बिया. तीसुद्धा तिथल्या काही राज्यांत पाळता येते, काही राज्यांत नाही. तुम्ही वाचलेली पिंजऱ्याची मापं तिचीच असणार. दुसरा प्राणी म्हणजे मुंबई-पुण्याच्या दुकानांत याच नावाने खपवतात तो शुगर ग्लायडर. तो खारही नाही. तो ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या गोतातला. त्याच्याबद्दल शेवटी बोलतो, कारण तुमच्या मुलांचं पुढचं मागणं तेच असेल.

तिसरी म्हणजे आपली. घाटाखालच्या जुन्या माणसांच्या तोंडी तिला पाक्या म्हणतात. मोठी झाली की डोक्यापासून बुडापर्यंत हातभर, त्याहून लांब झुपकेदार शेपूट आणि वजन दीड-दोन किलो, म्हणजे लहानशा मांजराएवढी. दिवसभर ढोलीत झोपते, दिवेलागणीनंतर बाहेर पडते, आणि एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या बुंध्यावर ५०-६० मीटर सहज तरंगत जाते. शेकरू वेगळं बरं का. आपला राज्यप्राणी म्हणून त्याचे फोटो सगळीकडे असतात, त्यामुळे लोक गल्लत करतात. शेकरू दिवसा हिंडतं, त्याला पंख नसतो, ते फांदीवरून फांदीवर उडी मारतं.

पंख म्हटलं, पण ती कातडीच असते, मनगटापासून घोट्यापर्यंत. मनगटाला कूर्चेची एक बारीक काडी असते. ती बाहेर ताणली की पंखाची कड रुंद होते. पिल्लाच्या अंगावर ही कातडी सैल पडलेली असते, काष्टा सोडल्यावर लुगड्याच्या चुण्या दिसाव्यात तशी. मुलांना ती ताणून बघायचा मोह होतो, मोठ्यांनाही होतो. करू देऊ नका. त्या वयात मनगटाची काडी आणि सांधे फार कोवळे असतात.

आता कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपली उडती खार संरक्षित आहे. ती पकडणं कायद्याच्या भाषेत शिकारच ठरतं, आणि पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा. "आम्ही पकडली नाही, सापडली" ही सबब पाळायला चालत नाही. पण घाबरूही नका. याच कायद्याच्या ३९व्या कलमात सांगितलंय की असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. तुम्ही काल दुपारी उचललंत, आज फोन केलात, विषय संपला. जीव वाचवायला उचलणं आणि घरात ठेवून घेणं यातला फरक त्या एका फोनचा आहे. फोन लावलात की वेळ आणि कुणाशी बोललात ते वहीत लिहून ठेवा. एकदा माझ्या फोननंतर माणूस येईस्तोवर दीड दिवस गेला होता, आणि मग "इतका वेळ जवळ का ठेवलं?" म्हणून मलाच विचारणा झाली. वहीतली ती ओळ तेव्हा कामाला आली.

कायदा बाजूला ठेवला तरी मी "पाळू नका" का म्हणतो, ते माझ्या पहिल्या पिल्लावरून सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. घाटपायथ्याच्या एका शेतकऱ्याने लुंगीच्या सोग्यात बांधून पिल्लू आणलं, फणसाच्या ढोलीतलं. वनरक्षक ओळखीचा होता, तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच जगवा." मला आनंद झाला. जगवलं, आणि काय माणसाळलं म्हणता! संध्याकाळी बाहीतून आत शिरायचं आणि मानेपाशी बाहेर डोकं काढायचं. दूधपोळी, बिस्किटं आणि मूठमूठ शेंगदाणे खायचं. आवडीने खातंय म्हणून आम्हीही घालत होतो. चौथ्या महिन्यात एके सकाळी खिडकीच्या गजावरून खाली आलं ते मागचे दोन्ही पाय ओढत. पडलं असेल, मुरगळलं असेल असं वाटलं. ओळखीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. फिल्मवर हाडांच्या जागी नुसती पुसट सावली होती, बाजूचं मांस आणि हाड यांत फरक कळत नव्हता. मांडीचं हाड दोन जागी वाकलेलं होतं. कॅल्शियम सुरू केलं, पण उशीर झाला होता.

झालं होतं ते साधं. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि मका यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस हवा. आम्ही ते उलटं करून ठेवलं होतं. वर घरात ऊन नाही. रक्तातलं कॅल्शियम राखायला शरीर मग हाडातून उचल करतं, आणि हाड खडूसारखं होत जातं. वरून पिल्लू गुटगुटीत दिसत असतं, अंगावर लव चमकत असते. पाय ओढायला लागेपर्यंत काही कळत नाही. गुरांचा डॉक्टर असून मला हे कळलं नाही, कारण मी त्याला गावातल्या खारीसारखं दाणे खाणारं जनावर समजत होतो.

आपल्या पाक्याचं पोट दाण्यांवरचं नाहीच. ती मुख्यतः पानं, कोवळे शेंडे, फळं, फुलं आणि साल खाते. पश्चिम घाटात दक्षिणेकडे अन्नमलईच्या रानात या खारीच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात जास्त खाल्लेलं झाड उंबर निघालं. पानं पचवायची तर आतड्यात ती आंबवणारे सूक्ष्म जीव लागतात, आणि कोणतं पान केव्हा कोवळं, कोणत्या उंबराला कधी फळ, हे ठाऊक असावं लागतं. हे तुम्ही-मी पिंजऱ्यात काय शिकवणार? पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला रोज ओलं लाकूड लागतं. हे सगळं जमवलंत तरी ५० मीटर तरंगणाऱ्या जनावराला खोलीएवढा पिंजराही खुराडंच.

माणसाळेल का? हो, पिल्लू लहान असेल तर नक्की माणसाळेल. पण माणसाळलेली खार पुढे सोडली तर कुत्र्याला पाहून झाडावर पळत नाही. माणूस दिसला की जमिनीवर उतरते. तिची जास्तीत जास्त एखाद-दुसरी रात्र.

आता पिल्लाकडे वळू. वनविभागाचा माणूस येईपर्यंत किंवा संध्याकाळ होईपर्यंत त्याला जगवायचं आहे. पहिलं ऊब, मग पाणी आणि खाणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की पिल्लं जातात. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, पोटात गेलेलं तिथेच नासतं. पोटाला बोट लावा. तुमच्या बोटाला ऊब लागली पाहिजे. गार लागलं तर तास-दोन तास नुसती ऊब द्या, तोंडात काही नको. बल्ब लावणार असाल तर खोक्याच्या बाहेर लावा.

अंगात ऊब आली की मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी गेलंय. तुमच्याकडे जुलाब चालू आहेत, म्हणजे गेलंच असणार. मेडिकलमधलं साधं ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा, कोमट ठेवा, आणि १ मिलीच्या सिरिंजने, सुई काढून टाकून, थेंब थेंब ओठाला लावा. पहिल्या दोन-तीन वेळा फक्त हेच. पिल्लाला उताणं धरून पाजू नका. आपण तान्ह्या बाळाला धरतो तसं धरायची सवय असते, तिथेच घात होतो. पोटावर, डोकं किंचित वर, चार पायांवर बसल्यासारखं धरा. नाकपुडीतून दुधाचा बुडबुडा आला की थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. फुप्फुसात गेलेला एक थेंब दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन समोर येतो. श्वासाबरोबर टिकटिक असा बारीक आवाज येऊ लागला तर डॉक्टरकडे न्या.

गाईचं दूध का नको? खारीच्या दुधात स्निग्धांश बराच जास्त आणि साखर कमी असते. गाईच्या दुधातली साखर या पिल्लाला पचत नाही, म्हणून पातळ होतं आणि पिल्लू आणखी सुकतं. जुलाब थांबले आणि पिल्लू अजून तुमच्याकडेच असेल तर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी वापरा. रत्नागिरी, चिपळूणला मिळते. डब्यावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात कालवा, पहिल्या एक-दोन वेळा थोडी पातळच ठेवा. एका वेळी वजनाच्या वीसाव्या भागापेक्षा जास्त नको. म्हणजे किराणा काट्यावर पिल्लू १८० ग्रॅम भरलं तर ९ मिली, बस्स. डोळे मिटलेले असतील तर तीन-चार तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेपटीखाली हळूच पुसत राहा. आई चाटते तेव्हाच या वयाच्या पिल्लाला लघवी होते. हे न केल्यामुळे पोट फुगून गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत, आणि घरच्यांना वाटत होतं, दूध जास्त झालं.

आता रानाकडे. ठेकेदाराला आजच गाठा. पडलेल्या बेहड्याचे ओंडके करण्याआधी ढोलीत हात घालून, टॉर्च मारून बघायला सांगा. बहुतेक वेळा पिल्लू एकच असतं, पण क्वचित दोन निघतात. कधी मार लागलेली आईच आत दबून बसलेली असते. हात घालणाऱ्याने जाड हातमोजे घालावेत, तिचे दात लाकूड कुरतडणारे आहेत. आणि आसपासची दोन-चार मोठी झाडं निदान तीन दिवस तशीच ठेवायला सांगा. एका खारीच्या वापरात एकाहून जास्त ढोल्या असतात. आई त्यातल्याच एखाद्या झाडात दिवसभर दडलेली असणार. तेच झाड उद्या सकाळी पाडलं तर आपण कुणाची गाठ घालणार? ठेकेदाराची रोजी बुडते म्हणून तो कुरकुर करेल. माझा अनुभव असा की करवतीवरच्या माणसांना पिल्लू नेऊन दाखवलं की ठेकेदाराची समजूत तेच घालतात.

"माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खारींच्या बाबतीत ते खरं नाही. आईला पिल्लू हवंच असतं, वासाने तिचं काही अडत नाही.

गाठ घालायची ती अशी: संध्याकाळी पिल्लू टोपलीत ठेवून पाडलेल्या झाडाजवळच्या झाडाला टांगायचं, म्हणजे आई येऊन ते घेऊन जाऊ शकते. एकदाचा प्रसंग सांगतो, म्हणजे टोपली कशी टांगायची ते डोळ्यापुढे येईल. माघातले दिवस होते, एक पोखरलेला किंजळ पाडला होता. पिल्लू दिवसभर माझ्याकडे होतं. उन्हं उतरल्यावर बांबूची रवळी घेतली, तळाला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, वर साडीचा तुकडा, त्यात पिल्लू. पाडलेल्या खोडापासून पंधरा पावलांवर एक रायवळ आंबा उभा होता. त्याच्या बुंध्याला दोन पुरुष उंचीवर शिडी लावून सुंभाने रवळी घट्ट बांधली, हलणार नाही अशी. बांधायच्या आधी आंब्याला ओंबील नाहीत ना ते पाहिलं. तांबड्या मुंग्या उघड्या पिल्लाचं काय करतात ते एकदा बघितलं की माणूस विसरत नाही. रवळीचं तोंड उघडं ठेवलं, वरून एक पळसाचं पान नुसतं आडवं टाकलं. मग मी आणि घरमालक तीस-चाळीस पावलांवर गडग्याला पाठ लावून बसलो. विड्या नाहीत, मोबाइल नाही, आणि टॉर्चला लाल कागद.

पिल्लू थोड्या वेळाने ओरडू लागलं, बारीक, चिरका आवाज. तो ऐकवत नाही, उठून जावंसं वाटतं. जायचं नाही. त्याच्या ओरडण्यावरच आई येते. पावणेआठच्या सुमाराला वर कुठेतरी पानं सळसळली आणि आंब्याच्या बुंध्यावर थप् करून काहीतरी बसलं, ओली चादर दगडावर आपटल्यासारखं. मग नखांची खरखर वर वर गेली. लाल उजेडात दोन डोळे चमकले. ती रवळीपाशी आली, परत वर गेली, पलीकडून उतरली, पुन्हा गेली. चौथ्या वेळी तिने रवळीत तोंड घातलं, पिल्लाची पोटाजवळची कातडी दातात धरून ते बाहेर काढलं, आणि पिल्लू तिच्या मानेभोवती मुंडाशासारखं गुंडाळलं गेलं. ती शेंड्याकडे गेली. पुढे आम्हाला फक्त आभाळावरून सरकलेली एक काळी सावली दिसली. घरमालकाने इतका वेळ धरलेला खोकला तेव्हा सोडला.

दर वेळी असं होत नाही. मी टांगलेल्या टोपल्यांपैकी अर्ध्याहून जास्त वेळा आई आली, बाकीच्या वेळी नाही. ती येईल की नाही, ते कशावर अवलंबून आहे? आई तोडीत मेली का, यावर सगळ्यात आधी. मग रात्री किती गेल्या यावर. पहिली-दुसरी रात्र असेल तर आशा चांगली, चौथ्या रात्री मी टोपली टांगत नाही. पिल्लाला जखम असेल, हाड मोडलं असेल, किंवा अंग गारच पडत असेल तर टांगायचंच नाही, ते थेट डॉक्टरकडे. जुलाब थांबले नसतील तरी आज रात्री टांगा असं मी म्हणेन, कारण आईचं दूध हेच त्यावरचं खरं औषध. पण पिल्लू निपचित असेल, सिरिंज ओठाला लावल्यावर चाटतही नसेल, तर आजची रात्र ओआरएस आणि ऊब देऊन उद्या टांगा. हा निर्णय इथून मी घेऊ शकत नाही. तो तुमचा, तुमच्या डॉक्टरचा आणि येणाऱ्या वनरक्षकाचा. टांगण्याचं काम वनरक्षकाला सांगून, शक्य तर त्याच्यासमोरच करा.

दोन रात्री टांगूनही आई आली नाही, तर पिल्लू वनविभागाच्या ताब्यात द्या. ते पुढे अनाथ वन्यप्राणी वाढवणाऱ्या केंद्राकडे पाठवतात. तिथे त्याला माणसापासून शक्य तितकं लांब ठेवतात, फांद्या-पाला देतात, आणि मोठं झाल्यावर रानात सोडायचा प्रयत्न करतात. मुलं रडतील. माझी मुलगीही पाय ओढणाऱ्या त्या पिल्लासाठी रडली होती, त्यापेक्षा हे रडणं बरं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगायलाच हवी, ती गोचिडींची. माकडताप तुम्ही ऐकला असेल. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी भागात २०१६ पासून त्याचे रुग्ण आहेत. नाव माकडाचं असलं तरी त्याचा विषाणू रानातल्या छोट्या प्राण्यांत आणि गोचिडींत फिरतो, आणि या छोट्या प्राण्यांत उडत्या खारीचंही नाव येतं. तुमचं गाव त्या पट्ट्यापासून लांब आहे, त्यामुळे भिऊन पिल्लू टाकून देऊ नका. फक्त हातमोजे घाला. मुलांना त्याच्याजवळ झोपू देऊ नका. ज्या-ज्या मुलाने ते अंगाशी धरलं होतं त्याला आज साबणाने आंघोळ घाला, आणि कानामागे, काखेत, जांघेत नीट बघा. पिल्लू गोचिडी खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात. कपडे उकळत्या पाण्यात टाका. पुढच्या आठवडाभरात कुणाला कणकणून ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरला खारीचं पिल्लू हाताळलं होतं हे आपणहून सांगा. नाहीतर आपल्याकडे प्रत्येक ताप आधी मलेरियात किंवा लेप्टोत जमा होतो. चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. रेबीजची लस लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, धनुर्वाताचं मात्र विचारून घ्या.

आणि आता तो शुगर ग्लायडर. "मग आम्ही दुकानातला आणू का?" असं मुलं विचारतील. आणू नका, असं माझं मत. तो जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, रात्री जागणारा आणि कळपातला प्राणी. एकटा ठेवला तर झुरतो, स्वतःचीच शेपूट, पाय कुरतडतो. म्हणजे दोन तरी आणायला हवेत. तो दहा-बारा वर्षं जगतो. आज सातवीत असलेली तुमची मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही पिंजरा तुम्हालाच धुवावा लागणार, आणि त्याच्या वासाला उदबत्ती पुरत नाही. खाण्यात कॅल्शियमचं गणित चुकलं की त्याचेही पाय माझ्या पिल्लासारखेच जातात. आजारी पडला तर रत्नागिरी जिल्ह्यात त्याच्यावर सरावाने उपचार करणारा डॉक्टर शोधताना दमछाक होईल. मी स्वतः त्याला भूल द्यायला धजावणार नाही. मुलांना रात्री जागून काही बघायचंच असेल तर उंबर पिकले की एखाद्या मोठ्या उंबराखाली लाल कागदाची टॉर्च घेऊन बसवा. देवराई जवळ असेल तर फारच छान. जुनी पोकळ झाडं आता तिथेच उरली आहेत.

आजच्या संध्याकाळचं पुन्हा एकदा सांगतो, कारण घाईत हेच राहतं. टोपली झाडाला घट्ट बांधलेली हवी. तळाची बाटली नऊच्या सुमाराला एकदा बदला, तेही पिल्लू अजून तिथेच असेल तर, आणि दोन मिनिटांत खाली उतरा. अंगणातला दिवा बंद ठेवा. कुत्रा पडवीत बांधा, मांजराला घरात कोंडा. माझी एक टोपली शेजाऱ्याच्या बोक्यानेच रिकामी केली होती. दहा-साडेदहापर्यंत आई आली नाही आणि गारठा वाढला तर पिल्लू उतरवून घरात उबेला घ्या, ओआरएस पाजा आणि पहाटे साडेचारला पुन्हा टांगा. परतताना ती त्याच वाटेने जाण्याची शक्यता असते.

उजाडल्यावर शिडी लावाल तेव्हा आधी फडक्याकडे बघा. फडकं जागच्या जागी, जरासं विस्कटलेलं आणि टोपली रिकामी असेल, तर आई येऊन गेली. फडकं खाली लोंबत असेल किंवा त्यावर रक्त असेल, तर झाडाच्या बुडाशी पातेरा हाताने बाजूला करत सावकाश शोधा. पडलेलं पिल्लू पानांत तोंड खुपसून गप्प बसतं, हाक मारून ओ देत नाही.